सकाळच्या ताटलीचा हिशेब: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच शंका वेगवेगळ्या तोंडांनी विचारली आहे: आम्ही रोज सकाळी जे खातो ते बरं की वाईट? पत्रं बेळगाव शहरातली आहेत, खानापूर, निपाणी, चिकोडी, संकेश्वरकडचीही आहेत. पदार्थाच्या नावावरून असा निकाल देता येत नाही, म्हणून जमेल तिथे वजन आणि माप दिलं आहे. चमचा म्हणजे ५ मिलीचा, वाटी म्हणजे १५० मिलीची. घरातली आमटीची वाटी बहुधा याहून मोठी असते. तिने मोजलंत तर सगळा हिशेब दीडपट होईल.

प्रश्न: आमच्याकडे आठवड्यातले चार दिवस पोहे आणि दोन दिवस उप्पीट असतं. मुलगा पुण्याहून आला की म्हणतो, "आई, हे नुसतं कार्ब आहे, विष आहे." पोहे बंद करू काय?
– एक वाचक, अनगोळ

बंद करू नका. मुलाचं म्हणणं अर्धं खरं आहे, पण त्याचा राग पोह्यांवर निघतोय आणि दोष आहे पोह्यांबरोबर काय नाही याचा.

आधी एक ताटली जवळून बघू. चार माणसांसाठी घरोघरी होतात तसे पोहे: माणशी ८० ग्रॅम कोरडे पोहे, चौघांत मिळून अर्धी वाटी तेल, एक-दोन बटाटे, कांदा, चवीला साखर आणि शोभेपुरते पाच-सहा शेंगदाणे. एका ताटलीत साडेपाचशेच्या आसपास कॅलरी जातात. त्यातल्या दीडशेहून जास्त नुसत्या तेलाच्या, कारण अर्ध्या वाटीतलं माणशी १८-१९ मिली तेल प्रत्येकाच्या पोटात जातं. प्रथिनं मात्र जेमतेम ८ ग्रॅम. वरून शेव घातली की कॅलरी आणि मीठ दोन्ही वाढतात.

आता हेच पोहे असे करा: माणशी ५० ग्रॅम कोरडे जाड पोहे, २ चमचे तेल, २० ग्रॅम शेंगदाणे (लहान मूठभर), अर्धी वाटी मटार आणि एक कांदा. बटाटा आणि साखर नाही. कॅलरी ४३० च्या आसपास आणि प्रथिनं १३ ग्रॅमपर्यंत. ताटली तेवढीच भरलेली दिसते, कारण मटार आणि कांद्याने जागा भरून काढलेली असते.

प्रथिनांवर एवढा भर का? आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६० किलोच्या माणसाला म्हणजे ५० ग्रॅम. दुपारी भात-आमटी आणि रात्री भाकरी-भाजी खाणाऱ्या घरात ही बेरीज सहसा कमी पडते. सकाळी १२ ते १५ ग्रॅम गेले तर पुढचा दिवस सोपा होतो आणि भूकही लवकर लागत नाही.

तेल कमी केलं की पोहे कोरडे होतात, घशात अडकतात आणि मग दुसऱ्या दिवशी हात पुन्हा सैल सुटतो. खरं तर कोरडेपणा बहुतेक वेळा भिजवण्यात चुकल्याने येतो. जाड पोहे चाळणीत घेऊन दोनदा पाण्याखाली धरा आणि १० मिनिटं तसेच निथळत ठेवा. दाणा बोटांत दाबला की मोडला पाहिजे, पण त्याचं पीठ होता कामा नये. मीठ आणि हळद याच वेळी पोह्यांना चोळा. शेंगदाणे तेलात न तळता आधी कोरडे भाजून घ्या. कांदा फोडणीत टाकल्यावर चिमूटभर मीठ घालून झाकण ठेवा. तो स्वतःच्या पाण्यात शिजतो. पोहे घातले की पाण्याचा एक हबका मारा, मंद आचेवर झाकून तीन मिनिटं वाफ द्या. वाफेने मऊ झालेल्या पोह्यांना तेलाची गरज उरत नाही. लिंबू गॅस बंद केल्यावर, खायच्या वेळीच पिळा.

किती खायचं ते कोरडं असतानाच मोजा. भिजलेले पोहे फुगतात आणि ढीग बघून अंदाज नेहमी चुकतो. ५० ग्रॅम म्हणजे सपाट भरलेली एक वाटी किंवा किंचित कमी. पोह्यांच्या जाडीप्रमाणे फरक पडतो, तेव्हा एकदा काट्यावर वजन करून वाटीला खूण करून ठेवा. शेतात किंवा कारखान्यात अंगमेहनत असेल तर ७०-८० ग्रॅम घ्यायला हरकत नाही. खुर्चीवर बसून काम करणाऱ्याला ५० पुरे.

उप्पीटाचा न्याय वेगळा नाही. रवा माणशी ५० ग्रॅम, त्यात गाजर, बीन्स, मटार मिळून वाटीभर भाजी आणि फोडणीत चमचा-दोन चमचे उडीद-हरभरा डाळ. उप्पीट मोकळं व्हावं म्हणून रवा तुपात भाजायची सवय आहे. रवा कोरडाच मंद आचेवर, खमंग वास येईपर्यंत भाजला आणि एकास तीन या मापाने उकळतं पाणी घातलं, तर एका माणसाला २ चमचे तेल भरपूर होतं. गुठळ्या होतात त्या तेल कमी पडल्याने होत नाहीत; पाणी नीट उकळलेलं नसताना रवा घातला की होतात.

मटार महाग असतील तर बाजूला अर्धी वाटी मोड आलेल्या मुगाची उसळ घ्या. ३० ग्रॅम कोरड्या मुगात जवळपास ७ ग्रॅम प्रथिनं असतात. उकडलेलं एक अंडं घेतलंत तर ६.

शेवटी एक घरगुती परीक्षा. साडेआठला खाऊन अकराच्या आत हात बिस्किटाच्या डब्याकडे जात असेल, तर सकाळच्या ताटलीत काहीतरी कमी होतं. बहुधा डाळ-दाणे आणि भाजी. दोनपर्यंत भूकच लागत नसेल आणि आंबट ढेकर येत असतील तर तेल जास्त झालं. ही परीक्षा एका दिवसावर न ठेवता चार दिवस करून बघा.

प्रश्न: वय ५८, शेतात जाणं आहे. सकाळी रात्रीची जोंधळ्याची भाकरी, दही आणि शेंगा चटणी खातो. सूनबाई म्हणते, ओट्स खा, ते हलके असतात. माझं चुकतंय काय?
– निपाणी

काही चुकत नाही. तुमच्या सूनबाईंना हे पत्र जरूर दाखवा, त्यांची काळजीही खोटी नाही.

६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत साधारण २०० कॅलरी, ६ ग्रॅम प्रथिनं आणि तेवढाच चोथा (फायबर) असतो. वाटीभर दही आणि दोन-तीन चमचे शेंगा चटणी धरली की प्रथिनं १४ ग्रॅमच्या आसपास जातात. ४० ग्रॅम ओट्सच्या वाडग्यात ५ ग्रॅम प्रथिनं आणि ४ ग्रॅम चोथा. ओट्सची एक बाजू मात्र सांगायला हवी: त्यातला बीटा-ग्लुकन नावाचा चिकट चोथा रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरवायला मदत करतो. तुमचं कोलेस्टेरॉल वाढलेलं असेल तर आठवड्यात दोन-तीन दिवस साधे ओट्स पाण्यात शिजवून, कोमट झाल्यावर ताक घालून खाल्ल्याने नुकसान काही नाही. पाकिटातले मसाला ओट्स नकोत. त्यात मीठ भरपूर असतं. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. पहिल्या तीन-चार नावांत साखर, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा पामतेल दिसलं की पाकीट परत ठेवा.

तुमच्या ताटलीत दोन गोष्टींकडे लक्ष असू द्या. चटणीत मीठ किती पडतं ते बघा. दिवसभराचं सगळं मिळून मीठ ५ ग्रॅमच्या आत असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे जेमतेम एक सपाट चमचा. चटणी, लोणचं आणि पापड तिन्ही एकाच वेळी ताटात असतील तर अर्धं मीठ सकाळीच संपतं. दुसरं, कडक भाकरी. ती पातळ आणि कुरकुरीत असते, म्हणून बोलता बोलता तीन-चार कधी संपतात ते कळत नाही. घरात दोन कडक भाकऱ्यांना किती पीठ लागतं ते एकदा वजन करून बघा. बहुतेकांना आकडा पटत नाही.

शिवाय एक कांदा, काकडी किंवा मेथीची पेंडी घ्या. भाजीचा रकाना रिकामा आहे, तो मुळ्याच्या चार फोडींनीही भरतो.

प्रश्न: खडेबाजारात दुकानात कामाला आहे. घरून साडेसातला निघतो, न्याहारी रोज हॉटेलात. इडली-वडा, पुरी-भाजी, शिरा-उप्पीट यांतलं कमी वाईट कुठलं?
– शहापूर

दोन इडल्या आणि सांबार. एक वडा चालेल, रोज दोन नकोत.

इडली वाफवलेली असते म्हणून तिला लोक पथ्याचा पदार्थ समजतात. तेल नाही हे खरं, पण इडली म्हणजे मुख्यतः तांदूळ. घरी एक भाग उडदाला दोन भाग तांदूळ घालतात, धंद्यात उडीद महाग पडतो म्हणून एकास चारपर्यंत जातात. तेव्हा प्रथिनं सांबारातून आली पाहिजेत. सांबार आलं की चमचा वाटीच्या तळाशी फिरवा. डाळ लागली तर दुसरी वाटी मागून घ्या. नुसतं चिंचेचं तिखट पाणी असेल तर हॉटेल बदला, किंवा घरून खिशात मूठभर भाजलेले शेंगदाणे न्या. खोबऱ्याची चटणी चमचाभर ठीक. ती वाटीभर खाल्ली की वाफवलेल्या इडलीचा फायदा गेला.

पुरी-भाजी आठवड्यातून एकदा. शिरा गोडात धरा, न्याहारीत धरू नका. आणि मिसळ? तिच्यात मटकी आहे, म्हणून ती अगदी वाईट म्हणता येत नाही; वरचा कट कमी, फरसाण चिमूटभर आणि पाव एकच, असं सांगून बघा. पुष्कळ ठिकाणी ऐकतात.

तळणाऱ्या हॉटेलात कढईकडे बघायची सवय लावून घ्या. तेल काळपट आणि घट्ट झालेलं असेल, वडा सोडायच्या आधीच धूर येत असेल, काठाला चिकट फेस राहत असेल, तर ते तेल पुन्हा पुन्हा तापवलेलं आहे. तेलात तयार होणारे ध्रुवीय घटक २५ टक्क्यांच्या पुढे गेले की ते तेल वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षेचा नियम आहे. कढईवर तो आकडा दिसत नाही, पण रंग आणि धूर दिसतो.

प्रश्न: आमचे आप्पा ६४ वर्षांचे, आठ वर्षांपासून साखरेच्या गोळ्या चालू. "नाचणीने साखर वाढत नाही" म्हणून रोज सकाळी ६० ग्रॅम नाचणीच्या पिठाची आंबील देतो, थोडा (३० ग्रॅम) गूळ घालून. काल उपाशीपोटी १२८ आणि न्याहारीनंतर २१२ आली. नाचणीने असं कसं झालं?
– खानापूर

नाचणीने साखर वाढत नाही, हे ज्याने सांगितलं त्याने नाचणीचं भलं केलं नाही. नाचणी चांगलं धान्य आहे. १०० ग्रॅममध्ये ३५० मिलीग्रॅमच्या वर कॅल्शियम आणि ११ ग्रॅम चोथा, हे तांदळात कुठे सापडत नाही. पण तिच्यातही दर १०० ग्रॅमला ६५ ग्रॅमच्या वर पिष्टमय भाग आहेच.

तुम्ही मापं लिहिली आहेत, त्यामुळे हिशेब सोपा झाला. ६० ग्रॅम पीठ म्हणजे ४० ग्रॅम पिष्ट, आणि "थोडा" गूळ ३० ग्रॅम म्हणजे आणखी २५ ग्रॅम साखर. एकूण ६५. मधुमेह असलेल्या बैठ्या माणसाला न्याहारीत साधारण ३० ते ४५ ग्रॅमच्या आत राहायला सांगतात. गूळ पोटात गेल्यावर साखरेहून फारसा वेगळा वागत नाही, तो कितीही काळा आणि घरचा असला तरी.

दुसरं कारण आंबिलीच्या रूपात आहे. बारीक दळलेलं पीठ भरपूर पाण्यात शिजलं की पिष्ट पूर्ण फुलतं, आणि चावायचं काही नसल्याने तीन मिनिटांत पोटात उतरतं. तेच पीठ भाकरी करून खाल्लं तर वेळ लागतो. मोड आणून, दळून, कापडातून गाळलेलं सत्त्व असेल तर आणखी घाईने साखर वाढते: मोड आणताना पिष्टाचा काही भाग आधीच साखरेत मोडतो आणि गाळताना कोंडा निघून जातो. बाळाला पचायला हलकं म्हणून सत्त्व उत्तम, आप्पांना नको.

असं करून बघा. नाचणीचं न गाळलेलं पीठ ३० ग्रॅम, म्हणजे साधारण ४ मोठे चमचे. एक वाटी पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मंद आचेवर ५-६ मिनिटं शिजवा. कोमट झालं की वाटीभर पातळ ताक, जिरेपूड, ठेचलेला लसूण आणि चिमूटभर मीठ घाला. गरम असताना ताक घातलं तर फाटतं. गूळ पूर्ण बंद. सोबत वाटीभर मुगाची उसळ किंवा एक-दोन उकडलेली अंडी, आणि उसळ आधी, आंबील नंतर. खाल्ल्यावर आप्पांना १०-१५ मिनिटं अंगणात चालायला लावा. जेवणानंतरची साखर त्याने खरोखर उतरते.

मोजण्यातही चुका होतात, त्या आधी काढून टाका. दोन तास धरायचे ते पहिल्या घासापासून, शेवटच्या घासापासून नाही. बोट साबणाने धुवून कोरडं करा. गुळाचं बोट तसंच टोचलं तर यंत्र खोटी जास्त साखर दाखवतं, आणि हे गुळाच्या आंबिलीनंतर हमखास घडतं. पट्ट्यांची डबी लगेच घट्ट बंद करा. खानापूरच्या पावसाळ्यात उघड्या राहिलेल्या पट्ट्या ओल धरतात आणि मग आकड्यावर भरवसा राहत नाही. दोन दिवस जुनी न्याहारी, दोन दिवस नवी, चारही दिवस खाण्याआधी आणि दोन तासांनी मोजून वहीत लिहा. दोन तासांनी १८० च्या आत हा आकडा बहुतेकांना दिला जातो. आप्पांसाठी कुठला धरायचा ते त्यांचे डॉक्टर ठरवतील.

एक सावधगिरी. ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर न्याहारी एकदम निम्मी करू नका, डॉक्टरांना वही दाखवून बदला. गोळी तेवढीच आणि खाणं कमी झालं तर साखर खाली जाते. हात थरथरले, घाम फुटला, बोलणं अडखळलं तर लगेच मोजा. ७० च्या खाली असेल तर ३ चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा आणि तोवर आप्पांना एकटं सोडू नका. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

प्रश्न: हिमोग्लोबिन ९.४ आहे. पोह्यात लोह असतं म्हणून रोज पोहे आणि त्यावर चहा घेते. लोहाची गोळीही चहाबरोबरच घेते. तीन महिने झाले, फरक नाही.
– चिकोडी

चहा आधी हलवा. चहातलं टॅनिन लोहाला आतड्यात धरून ठेवतं आणि ते रक्तात जात नाही. गोळी आणि चहा यांत निदान एक तास, गोळी आणि दूध किंवा कॅल्शियमची गोळी यांत दोन तास अंतर हवं. गोळी लिंबूपाण्याबरोबर घ्या. क जीवनसत्त्वामुळे लोह शोषलं जातं. पोट फार बिघडत असेल तर जेवणानंतर घेतली तरी चालेल, सोडून देऊ नका. शौचाला काळं होतं, त्याने घाबरू नका.

पोह्यांवर लिंबू पिळणं याच कारणाने शहाणपणाचं. पण ९.४ चं १२ करायला पोहे पुरे पडत नाहीत. गोळी नीट घेऊनही महिन्याभरात आकडा हलला नाही तर पाळीत रक्तस्राव जास्त जातो का, जंत आहेत का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्या.

प्रश्न: मुलगी तिसरीत आहे. सकाळी साडेसातला रिक्षा येते, तेव्हा चहा-बटर किंवा खारी, बस्स. दुसरं काही करायला वेळच नसतो. रोज हे चालेल काय?
– टिळकवाडी

रोज चालणार नाही. बटर, खारी, टोस्ट म्हणजे मैदा, तूप म्हणून घातलेली चरबी आणि मीठ किंवा साखर. वर तिसरीतल्या पोरीला चहा. पण तुमची वेळेची अडचण खरी आहे, म्हणून १० मिनिटांतलाच पदार्थ सांगतो, आणि तो आपल्याच भागातला: सुसला.

दोघांसाठी ५ वाट्या चिरमुरे, म्हणजे ६५ ग्रॅमच्या आसपास. भाजलेल्या हरभऱ्याच्या डाळ्याची, म्हणजे आपल्याकडे दुकानात पुटाणी म्हणून मिळतात त्यांची पूड ४ मोठे चमचे. ही रविवारीच आठवड्याभराची करून बरणीत भरून ठेवा. ३० ग्रॅम शेंगदाणे, एक कांदा, एक टोमॅटो, ३ चमचे तेल. फोडणीत मोहरी, जिरं, कढीपत्ता, एखादी मिरची, मग कांदा आणि टोमॅटो. तोवर चिरमुरे पाण्यात बुडवा, अर्ध्या मिनिटात काढा आणि दोन तळव्यांत दाबून पिळा. फोडणीत परतून गॅस बंद करा, मग डाळ्याची पूड, शेंगदाणे, कोथिंबीर आणि लिंबू.

बिघडतं ते दोन ठिकाणी. चिरमुरे पाण्यात दोन मिनिटं राहिले की लगदा होतो, मग काही उपाय नाही. आणि पूड गॅस चालू असताना घातली तर ती ओल ओढून घेते, गोळे होतात, बुडाला लागते. मीठ घालण्याआधी एक चिरमुरा चाखून बघा: चिरमुरे भाजण्याआधी तांदळाला मीठ लावतात, त्यामुळे बहुतेक वेळा वेगळं मीठ लागतच नाही. एका वाटणीत १० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. नुसत्या चिरमुऱ्यांत याच्या चौथाईही नसती.

ज्या दिवशी तेही जमणार नाही त्या दिवशी केळं आणि उकडलेलं अंडं, किंवा केळं आणि शेंगदाण्याचा एक लाडू. अंडी रात्रीच उकडून फ्रिजमध्ये, सालासकट. कर्नाटकातल्या सरकारी शाळांत २०१३ पासून क्षीरभाग्य योजनेतून दूध देतात. मुलगी तशा शाळेत असेल आणि तिथे दूध पीत असेल, तर सकाळी घरी दुधाचा आग्रह धरून भांडत बसू नका. तेवढ्या वेळात अर्धी वाटी सुसला खाऊन होतो.

प्रश्न: मला सकाळी भूकच लागत नाही. दहाला शेतात भाकरी खातो. न्याहारी केलीच पाहिजे, असा नियम आहे काय?
– संकेश्वरजवळचं एक गाव

नियम नाही. दहाची भाकरी हीच तुमची न्याहारी. फक्त मधे साखरेचे तीन-चार कप चहा होत असतील तर ते बघा: कपाला २ चमचे धरले तर तीन कपांत ३० ग्रॅम साखर झाली, आणि दिवसाला २५ च्या आत राहिलेलं चांगलं. साखरेच्या गोळ्या घेणारे, गरोदर बाया आणि शाळेत जाणारी मुलं यांनी मात्र सकाळ कोरडी काढू नये.

प्रश्न: रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकतो. कुणी म्हणतं शिळा भात विषारी, कुणी म्हणतं शिळ्या भाताने साखर वाढत नाही. खरं काय मानायचं?
– येळ्ळूर

तांदळाच्या गावचा प्रश्न, तेव्हा नीट उत्तर देतो. दोन्ही म्हणण्यांत थोडं थोडं खरं आहे.

भात थंड झाला की त्यातल्या काही पिष्टाची घडण बदलते आणि तो भाग आतड्यात सहज पचत नाही. त्यामुळे साखर थोडी कमी चढते. थोडीच. दोन वाट्यांऐवजी एक वाटी भात खाल्ल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा शिळेपणाने पडत नाही. मधुमेह असेल तर एक वाटी भात, त्यात वाटीभर कोबी, गाजर, मटार किंवा मोड आलेली मटकी परतून घ्या.

विषारीपणाचं कारण शिळेपणात नसून भात कुठे आणि किती वेळ ठेवला यात आहे. तांदळावर बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असतात. ते शिजवून मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला की ते जागे होतात, वाढतात आणि विष सोडतात. हे विष सकाळच्या फोडणीच्या आचेनेही नष्ट होत नाही. खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात आणि लोक दोष देतात मिरचीला.

म्हणून उरलेला भात कुकरमध्ये झाकून ठेवू नका. कुकर तो रात्रभर कोमटच ठेवतो. परातीत दोन बोटं जाडीचा थर पसरा, पंख्याखाली धरा आणि वाफ गेली की उथळ डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. शिजल्यापासून दोन तासांच्या आत हे व्हायला हवं, उन्हाळ्यात एका तासात. सकाळी लागेल तेवढाच काढा, वाफ निघेपर्यंत गरम करा, आणि एकदा गरम केलेला भात परत फ्रिजमध्ये ठेवू नका. फ्रिज नसेल तर रात्री मोजूनच भात टाका. आणि रात्री नऊचा भात सकाळपर्यंत ओट्यावर राहिला असेल, तर वास आला नाही तरी तो फोडणीला टाकू नका. या विषाला वास नसतो.